यंत्र आणि आपण : इंजिनाचा ताप नेमका कोठे पाहावा?



पनवेलजवळच्या एका गावातून एका भातशेतकऱ्याचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. मुलगा आयटीआय करून आला आहे आणि त्याने या मोटारीचा कार्बोरेटर काढून तेथे फ्युएल इंजेक्शन बसवायचे घेतले आहे. सामान हळूहळू जमले. परंतु इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर कोठे बसवायचा, यावरून घरात दोन तट पडले आहेत. गावचा मिस्त्री म्हणतो, "वरच्या होज पाइपात नळीचा तुकडा जोडा आणि त्यात बसवा, सोपे काम." मुलगा म्हणतो, इंजिनाच्या अंगालाच बसला पाहिजे. वडिलांनी शेवटी विचारले आहे, "आमच्या गाडीत तापमानाचा काटा आहे, त्याला एक बोंड आहेच. त्याच बोंडावर दोन्ही कामे भागणार नाहीत का? पैसा बराच गेला आहे आणि हे हेड एकदा वाकले तर दुसरे मिळायचे नाही."

ज्यांच्या घरी पद्मिनी नाही, त्यांनी पान उलटू नये ही विनंती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि आपल्या बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले, आणि त्यांच्या डिझेल इंजिनावरही संगणकाची पेटी येऊन बसली. या सगळ्यांत इंजिनाचा ताप पाहणारे एक छोटे बोंड असतेच. ते बिघडले की ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो, मोटारसायकल सकाळी अडते, आणि आपण दोष पेट्रोलपंपवाल्याला देतो.

पद्मिनीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० ची. प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. सोलापूरचा हा माणूस. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर, तेथला ऊस आणि साखर कारखाना ही त्यांचीच उभारणी. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही मोटार निघे. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती पूर्णपणे गेली. खाजगी गाड्या मात्र अजून कोठे कोठे गोठ्याशेजारी, मांडवाखाली जपून ठेवलेल्या दिसतात. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे. हे हेड लक्षात ठेवा. अॅल्युमिनियम तापले की लोखंडापेक्षा अधिक फुगते, आणि फाजील तापले की बाक धरते. पत्रलेखकांची भीती खोटी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कार्बोरेटरच्या गाडीत सकाळी आपण चोक ओढतो. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटतात, त्यांची वाफ नीट होत नाही, म्हणून थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. इंजिन गरम झाले की चोक आत ढकलायचा. किती ओढायचा, केव्हा ढकलायचा, हे हाताला आणि कानाला कळते. फ्युएल इंजेक्शनमध्ये हा हात आणि कान दोन्ही काढून घेतलेले असतात. पेट्रोलची पिचकारी किती वेळ उघडी ठेवायची हे संगणकाची पेटी ठरवते. आणि पेटीला इंजिन थंड आहे की गरम, हे सांगणारे एकच माणूस, ते म्हणजे हे पितळेचे बोंड. ते म्हणाले थंड, की पेटी जास्त पेट्रोल सोडणार. इंजिन लालबुंद झालेले असो, पेटीला ते दिसत नाही. तापाचा पंखा विजेचा बसवला असेल तर तोही याच्याच सांगण्यावरून सुरू होतो. म्हणून मी म्हणतो, या कामात पिचकाऱ्या महाग, पेटी महाग, पण जिच्यावर सगळे अवलंबून ती वस्तू सगळ्यांत स्वस्त. आणि लोक तिच्याकडे सगळ्यांत शेवटी पाहतात.

बोंडाच्या आत असते काय? एक लहानसा मणी. त्यातून वीज जायला होणारा अडथळा तापाबरोबर बदलतो. थंडीत अडथळा जास्त, गरमीत कमी. पेटी त्यातून पाच व्होल्टची बारीकशी वीज सोडते आणि किती अडली यावरून ताप ओळखते. तार तुटली तर अडथळा अमर्याद, म्हणजे पेटीला वाटते की उणे चाळीस अंशांची थंडी पडली आहे! पनवेलमध्ये बसून तिला हिमालय दिसू लागतो. कारखान्याच्या नव्या गाड्यांतली पेटी असा आकडा आला तर ओळखते की तार तुटली आहे, एक ठरीव आकडा धरून चालवते आणि पंखा सुरू ठेवते. घरी बसवायच्या साध्या पेट्यांत ही सोय आहे का, हे घेण्यापूर्वी विचारावे. नसेल तर ती पेट्रोलचा पूर सोडते. प्लग काळे होतात, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा झिजतात.

मिस्त्रीची सूचना वरच्या होज पाइपाची आहे. त्याला सोपे का वाटते ते समजते. हेडला हात लावायचा नाही, पाइप कापला, तुकडा घातला, दोन क्लिपा आवळल्या. परंतु पाण्याची वाट पाहा. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचा दरवाजा असतो. पाणी साधारण ८२ अंशांपर्यंत तापेस्तोवर तो बंद राहतो आणि पाणी इंजिनातच फिरते. वरचा होज पाइप या दरवाजाच्या पलीकडे. सकाळी गाडी सुरू केली, इंजिन तापून साठ-सत्तर अंशांवर गेले, तरी पाइपातले पाणी रात्रीचेच गार. बोंड पेटीला सांगणार "अजून थंडच आहे", आणि पेटी चोक ओढलेलाच ठेवणार. पुढे दरवाजा उघडला की गरम पाण्याचा लोंढा एकदम येतो आणि आकडा उडी मारतो. इंजिन गचके देते. मिस्त्री म्हणतो पिचकारी खराब.

त्याहून वाईट म्हणजे थर्मोस्टॅट कधी बंद अवस्थेतच अडकला तर. इंजिनात पाणी उकळत असते, आणि दाराबाहेर उभा असलेला पहारेकरी "सर्व ठीक" म्हणून सांगत असतो. पंखा लागत नाही. हेड गेलेच म्हणून समजा. तेव्हा मुलाचे म्हणणे बरोबर : बोंड थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनाच्या अंगाला, जेथे इंजिनातून तापून निघालेले पाणी सतत वाहते तेथे.

यावर काही जण म्हणतील, थर्मोस्टॅटच काढून टाका, म्हणजे भांडण मिटले. आपल्याकडे हा रिवाज फार जुना. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" म्हणून कित्येक गॅरेजांत तो पहिल्या दुरुस्तीतच भंगारात जातो. पत्रलेखकांनी आपल्या गाडीत तो आहे की नाही हे आधी उघडून पाहावे, बहुधा नसेल. कार्बोरेटरवर त्याचा तोटा कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. इंजेक्शनमध्ये मात्र तोटा रोजचा होतो. थर्मोस्टॅट नसला की पावसाळ्यात, सपाट रस्त्यावर इंजिन पन्नास-साठ अंशांच्या वर चढतच नाही, पेटीची समजूत होते की इंजिन अजून तापतेच आहे, आणि ती दिवसभर थोडे थोडे जास्त पेट्रोल घालत राहते. हौशीने इंजेक्शन बसवून "अॅव्हरेज उलटे कमी झाले" अशी तक्रार होते, तिचे एक कारण हे असते. नवा थर्मोस्टॅट आणावा. घालण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहावे.

आता हेडमध्ये भोक पाडून नवे आटे मारायचे का? माझे मत, नाही. मिळत नसलेल्या वस्तूला ड्रिल लावू नये. थर्मोस्टॅट ज्या घरात बसतो, त्या घराच्या इंजिनाकडच्या भागाला जाड बोंडाची जागा वेल्ड करून घ्यावी आणि लेथवर आटे मारून घ्यावेत. तेवढी जागाच नसेल तर घर आणि हेड यांच्यामध्ये बसणारी अॅल्युमिनियमची जाड चकती बनवून घ्यावी आणि बोंड तिच्यात बसवावे. पनवेल, कळंबोलीकडे लेथवाल्यांची वाण नाही. बोंडाचे आटे दोन तऱ्हांचे मिळतात. एक, बारा मिलिमीटरचे सरळ. त्यांना तांब्याचा वॉशर लागतो. दुसरे, तीन-अष्टमांश इंचाचे निमुळते पाइपाचे. ते आवळता आवळता स्वतःच घट्ट होतात. सरळ भोकात निमुळते बोंड पान्याने पिळू नये, अॅल्युमिनियम फाटते. बोंड आधी घ्यावे, आटे मग मारावेत.

अडॅप्टरात अडॅप्टर घालून बसवले, तर बोंडाचे टोक बोळकांडीत लपते आणि वाहते पाणी त्याला लागत नाही. टोक पाण्याच्या धारेत दिसले पाहिजे.

आणखी एक वैरी म्हणजे हवा. उंचसखल जमिनीवर पाइपलाइन टाकलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. उंचवट्यावर हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही, म्हणून आपण तेथे एअर व्हॉल्व्ह बसवतो. इंजिनात थर्मोस्टॅटचे घर हाच उंचवटा. पाणी बदलले की हवेचा फुगा नेमका तेथे, आपल्या बोंडाशी जाऊन बसतो. थर्मोस्टॅटच्या पत्र्याला तीनेक मिलिमीटरचे भोक असले म्हणजे हवा त्यातून निसटते. नव्यांपैकी काहींना ते असतेच. ते वरच्या बाजूला येईल असा थर्मोस्टॅट बसवावा. पाणी भरताना गाडीचे तोंड चढाला करावे, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू द्यावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश पाणी घालावे.

काट्याचे बोंड आणि पेटीचे बोंड एकच का नको, हा वडिलांचा प्रश्न. दिसायला ती जुळी भावंडे, पण स्वभाव निराळा. काट्याच्या बोंडाला एकच तार असते. परतीची वीज आट्यांतून इंजिनाच्या अंगात जाते. म्हणून त्या बोंडाच्या आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप जाड गुंडाळली तर काटा खोटे बोलू लागतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. पेटीच्या बोंडाला दोन तारा असतात आणि परतीची वीज आपल्या स्वतंत्र तारेने पेटीकडेच जाते. ही परतीची तार बॉडीला जोडून काम उरकू नये. गावात संध्याकाळी सगळे कृषिपंप सुरू झाले की घरातला दिवा कसा मंद होतो? तसेच गाडीत पंखा, दिवे, स्टार्टर लागले की बॉडीच्या अर्थिंगचा दाब थोडा हलतो. काट्याला त्याचे काही नाही, पण पेटी व्होल्टचा लहानसा अंश मोजत असते, तिला ताप वरखाली झाल्याचा भास होतो. दोन्ही कामे एका बोंडावर लादली तर काट्याची वीज पेटीच्या मोजणीत मिसळते आणि दोघेही चुकतात. तेव्हा बोंडे दोन, जागा दोन. काटा आहे तेथे राहू द्या. पुढे कधी पेटी आणि काटा यांचे जमेनासे झाले, तर कोणीतरी खोटे बोलते आहे हे तरी कळेल.

सगळी दोन तारांची बोंडे सारखी नसतात. बाजारात मुख्यतः दोन घराणी चालतात, एक बॉश कंपनीचे आणि दुसरे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचे. आकडे पाहा. २० अंशांना बॉशच्या बोंडाचा अडथळा सुमारे २५०० ओहम, तर दुसऱ्याचा सुमारे ३५००. ८० अंशांना मात्र एकाचा ३२३ च्या आसपास आणि दुसऱ्याचा ३३२. म्हणजे गरम झाल्यावर दोघे जवळजवळ एका सुरात बोलतात, थंड असताना मात्र एक हजाराचे अंतर! पेटीत बॉशचे कोष्टक भरले आणि बोंड दुसऱ्या घराण्याचे लावले, तर सकाळी ३० अंश असताना पेटीला २३ वाटतात. गाडी गरम झाल्यावर सगळे सुरळीत. त्यामुळे गॅरेजात दुपारी तपासली की गाडी चांगली, आणि घरी पहाटे सुरू करताना काळा धूर. हा दोष शोधता शोधता लोक पंप बदलतात, प्लग बदलतात, पिचकाऱ्या धुतात. बोंड कोणत्या घराण्याचे हे विकत घेतानाच विचारून कागदावर लिहून ठेवले, तर एवढा खटाटोप वाचतो.

दुकानदाराला सांगता आले नाही तर स्वयंपाकघरात तपासता येते. घरच्या बाईमाणसांना विचारून एखादे टाकून दिलेले पातेले घ्यावे. रोजच्या आमटीचे नको. शंभराच्या वर मोजणारा काचेचा तापमापक आणि मल्टिमीटर एवढेच साहित्य. डॉक्टरचा तापमापक यात घालू नये. त्याची नळी ४२ अंशांपर्यंतची असते, फुटून जाईल. मासळीबाजारातून मूठभर बर्फ आणून पाण्यात टाकला आणि नीट ढवळला, की शून्य अंश मिळाला. बॉशचे बोंड त्यात सुमारे ५९०० ओहम दाखवते, दुसरे साडेनऊ हजारांच्या आसपास. मग पातेले चुलीवर ठेवावे. बोंड दोऱ्याने टांगावे, टोक पाण्यात पण बुडाला टेकलेले नको, आणि तारांचे तोंड कोरडे. पाणी खळखळ उकळले की पहिले १८६ च्या जवळ, दुसरे १७७ च्या जवळ आले पाहिजे. पनवेल समुद्रसपाटीजवळ आहे, म्हणून उकळते पाणी म्हणजे १०० अंश असे धरायला हरकत नाही. महाबळेश्वरच्या वाचकांनी मात्र ९५-९६ च धरावेत. उंचावर पाणी लवकर उकळते. मुलामुलींना जवळ बसवून हा प्रयोग करावा. विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा त्यात निघून जातो.

तारा नीट आहेत की नाही, हे पाहायची युक्ती त्याहून सोपी. बोंडाची पिन काढली की पेटीच्या पडद्यावर उणे चाळीसच्या आसपास आकडा यावा. त्याच पिनेच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या की आकडा एकदम वर, असह्य गरमीचा यावा. तसे झाले तर तारा आणि पेटी ठीक. खोट असलीच तर बोंडात.

रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालता? ठिबक सिंचन करणाऱ्यांना क्षारांचा अनुभव असतो. बोअरच्या पाण्याने ड्रिपर कसे पांढरे होऊन बंद पडतात. तेच पाणी इंजिनात गेले की पाण्याच्या वाटांना आणि बोंडाच्या टोकाला पांढरी साय धरते. सायीखालचे बोंड ताप उशिरा ओळखते. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणि गंज रोखणारे कूलंट मिसळून घालावे. कोकणात पाणी गोठत नाही हे खरे. कूलंट हवे ते गंजासाठी, आणि पाणी उशिरा उकळावे म्हणून. मात्र एक धोका आहे. बऱ्याच कूलंटात इथिलीन ग्लायकॉल असते, ते चवीला गोड आणि जहाल विषारी. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नका, उघड्या घमेल्यात ठेवू नका. कुत्रे, वासरू, खेळणारे पोर, कोणीही गोड लागले म्हणून तोंड घालील.

आता ज्यासाठी एवढे लिहिले ती गोष्ट. पनवेलहून पुण्याच्या जुन्या रस्त्याने निघाले की खोपोलीनंतर बोरघाट. थोड्या अंतरात रस्ता सुमारे पाचशे मीटर चढून खंडाळ्याला जातो. घाटात बॉनेट उघडून, वाफेच्या ढगात उभ्या असलेल्या गाड्या जुन्या लोकांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. समजा, अशा चढावर तुमचा एखादा होज पाइप फाटला. पाणी जाऊ लागते, आकडा चढतो, ९५, १००, १०५. आणि मग तो हळूच उतरू लागतो. चालवणाऱ्याला वाटते, चला, वारा लागला, गाडी निवली. वस्तुतः पाणी बोंडाच्या खाली गेलेले असते. बोंड आता पाणी मोजत नाही, रिकाम्या पोकळीतली हवा मोजते, आणि हवा त्याला पाण्यासारखी उष्णता देत नाही. पेटीही त्यावर विश्वास ठेवते, पंखा बंद करते. हेडचे अॅल्युमिनियम त्याच वेळी बाक धरत असते. खंडाळा येईपर्यंत गॅस्केट गेलेले असते.

म्हणून घरात जो कोणी ही गाडी चालवील, त्याला हे एक वाक्य पाठ करायला लावा : चढत असलेला आकडा कारण नसताना खाली आला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन बंद करायची. तापलेल्या गाडीचे झाकण उघडायचे नाही; आतले पाणी दाबाखाली असते, शंभराच्या वर जाऊनही उकळलेले नसते, आणि झाकण फिरवताच उकळून तोंडावर येते. अर्धा तास थांबावे. तापल्या हेडवर गार पाणी ओतू नये, तडा जातो. पैसे असतील तर आणखी एक साधन बसवा : हेडच्या धातूलाच चिकटून बसणारा ताप-स्विच आणि डॅशबोर्डवर त्याचा लाल दिवा किंवा भोंगा. त्याला पाणी असो नसो, धातू तापला की तो ओरडतो. इंजेक्शनचे सामान विकणारे हे सहसा सुचवत नाहीत. माझ्या मते जुन्या अॅल्युमिनियम हेडच्या गाडीला ते पेटीइतकेच आवश्यक आहे.

ऊस लावणाऱ्या वाचकांसाठी थोडेसे. आपल्या उसापासून निघालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिन सुरू होताना ते जरा हट्ट करते. शिवाय साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल थोडे जास्त. पेटीतले आकडे जुन्या परदेशी कोष्टकावरून उतरवले असतील, तर ते आपल्या पंपावरच्या पेट्रोलला जुळवून घ्यावे लागतील. थंड इंजिनाचे कोष्टक तर खासच, आणि ते जुळवताना बोंड खरे बोलत नसेल तर सगळी मेहनत वाळूत पाणी ओतल्यासारखी. पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्याही याच निमित्ताने बदलून टाका; इथेनॉलने त्या फुगतात आणि चिरतात.

कागदपत्रांचे बोलायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. आपला बदल त्यात बसतो का, हे पनवेलच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारावे. तेथली गाड्यांची मालिका एमएच ४६. दुसरेही एक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, इंजिनातही मोठे फेरफार नसावेत. पहिल्या पद्मिनी १९७४ च्या, म्हणजे त्यांची पन्नाशी आता भरली आहे. तुमची गाडी त्या वयाची असेल किंवा होत आली असेल, तर इंजेक्शन बसवावे की नाही याचाच पुन्हा विचार करा. नीट जुळवलेला कार्बोरेटर रोज बाजारापर्यंत जायला पुरेसा असतो. बसवायचेच ठरले तर कार्बोरेटर, त्याची मॅनिफोल्ड आणि थर्मोस्टॅटचे मूळ घर तेलाच्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. हेडला भोक पाडू नका म्हणून मी सांगितले ते यासाठीही.

सगळे बसल्यावर पहिल्या सकाळी, इंजिन रात्रभर थंड असताना, फक्त चावी फिरवून पेटीतले दोन आकडे पाहा : पाण्याचा आणि आत येणाऱ्या हवेचा. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. अंतर पाच-सहा अंशांहून जास्त असेल तर स्टार्टरला हात लावू नका, बोंड किंवा कोष्टक चुकले आहे. जमले तर इंजिन सुरू करा आणि आकडा एकसारखा, उड्या न मारता चढतो का पाहा. ८२ च्या आसपास वरचा होज पाइप एकदम गरम लागला पाहिजे. त्याआधी तो कोमटच हवा. पंखा साधारण ९२ ते ९५ ला लागून ८८ ला थांबेल असे ठेवा. मग दोन-तीन रविवार कर्नाळ्यापर्यंत जाऊन या, परत आल्यावर रेडिएटर थंड होऊ द्या आणि पाणी किती उतरले ते काडी घालून मोजा. एक काडीभरही उतरले नाही, असे लागोपाठ दोनदा झाले, तर तिसऱ्या खेपेला खोपोलीचा रस्ता धरायला हरकत नाही. डिकीत पाच लिटर पाणी, एक जादा होज पाइप आणि दोन क्लिपा असू द्या.